ताण किती घ्यावा?

गेल्या आषाढांत, कर्जत तालुक्यांतील आमच्या गांवीं भातलावणी चालूं असतां, आमच्या मातोश्री बांधावरून घसरून पडल्या. हाड मोडलें नव्हतें; परंतु महिनाभर उजवा हात झोळींत राहिल्यानें खांदा इतका आखडला कीं, अंबाडा घालण्यापुरताही हात वर जाईना. खोपोलीच्या एका डॉक्टरांनीं त्यांस व्यायामाकरितां रबराची एक पिवळी पट्टी दिली.

ती पट्टी पाहून आम्हांस हसूं आलें. लहान मूलही ती सहज ताणील! आम्ही बाजारांतून जाड काळी पट्टी आणली. गुण लवकर यावयाचा तर नेटही तसाच लावला पाहिजे, असें आमचें तर्कशास्त्र! मातोश्रींनीं आमचें मन मोडूं नये म्हणून चार दिवस ओठ आवळून ती ओढली. पांचव्या दिवशीं त्या डाव्या हातानें वाढीत आहेत, असें आमच्या ध्यानांत आलें. उजव्या हातानें पळीसुद्धां धरवत नव्हती. त्या कांहीं बोलल्या नाहींत. म्हणूनच आम्हांस अधिक लाज वाटली.

आम्ही पुन्हा खोपोलीस गेलों. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं समजावून सांगितलें तें असें: पट्टीचा रंग शोभेसाठीं नसतो. बहुधा पिवळी सर्वांत हलकी. मग लाल, हिरवी, निळी व काळी. एका प्रसिद्ध मालिकेंत पट्टी दुप्पट लांब ताणली असतां पिवळीची ओढ सुमारें १.३ किलो, तर काळीची सुमारें ३.३ किलो भरते. मात्र सर्व कारखान्यांचे रंग सारखे नसतात. शिवाय लोखंडी वजन आरंभापासून शेवटपर्यंत तेवढेंच राहतें. रबराची ओढ ताणाबरोबर वाढत जाते. म्हणून रंगापेक्षां आपल्या हातास विचारावें. दहा ते पंधरा वेळां ओढतां यावें, शेवटच्या दोन-तीन वेळां श्रम जाणवावे. पण पाठ वांकूं नये, श्वास कोंडूं नये आणि पट्टी सावकाश परत सोडतां यावी. आठ वेळांही न जमल्यास एक पायरी खालीं यावें. पंधरा वेळां सहज होऊं लागल्यास एक पायरी वर जावें. श्रम चालतील, वेदना नको. आणि पट्टीस चीर पडली असेल तर ती टाकून द्यावी.

परतीच्या वाटेवर कर्जत स्टेशनांत पुण्याकडे जाणारी एक गाडी उभी होती. तिच्या मागें इंजिनें जोडणें चालूं होतें. सन १८६३ मध्यें सुरू झालेल्या बोरघाटाच्या या लोहमार्गावर, जेथें चढ अत्यंत तीव्र आहे तेथें, दर ३७ फुटांस एक फूट चढावें लागतें. सपाटीवर गाडी एकट्यानें ओढणारें इंजिन तेथें बहुधा पुरत नाहीं. म्हणून मागून जोर देणारीं इंजिनें लावतात.

मातोश्री तें पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, हे लोक घाटाचा चढ पाहून इंजिनें लावतात. तूं माझा चढ पाहिलाच नाहींस."

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेजारीं बसून मोजूं लागलों. प्रथम पिवळी पट्टी, तीही आठच वेळां. नवरात्रांत लाल पट्टी आली. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर मातोश्रींनीं आपल्या हातानें अंबाडा घातला आणि आमच्याकडे पाहून नुसतें स्मित केलें. ती काळी पट्टी अद्याप खुंटीवर आहे. ती त्यांच्यासाठीं नाहीं. आमच्या घाईची आठवण म्हणून आम्हींच ती ठेविली आहे.

विद्यार्थिमित्रहो, व्यायाम असो वा अभ्यास, शेजाऱ्याच्या हातांतील पट्टी पाहून आपली निवडूं नका. आणि दुसऱ्यासाठीं निवडण्याचा प्रसंग आला, तर आधीं त्याचा चढ पाहा.