माँ ब्लांवरचा दुसरा माणूस

माँ ब्लांच्या प्रथम आरोहणाची कथा आम्ही वाचली ती अलेक्झांडर द्युमाच्या प्रवासवर्णनात, आणि कित्येक वर्षे तीच खरी मानून वर्गातही सांगितली. १८३२ मध्ये वृद्ध झाक बाल्मा द्युमाला भेटला. त्याच्या कथनात वीर तो एकटाच. सोबतचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार गलितगात्र, कसेबसे वर आणलेले. पाकार १८२७ मध्येच निवर्तले होते. प्रतिवाद करणार कोण?

वास्तविक ८ ऑगस्ट १७८६ रोजी दोघे मिळून चढले. आदल्या रात्री माँताञ द ला कोतच्या माथ्यावर मुक्काम, मग हिमनदीच्या भेगा ओलांडीत ग्रां प्लातो, आणि तेथून रोशे रूझ खडकांलगतचा उभा उतार. दोर नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही. हातात लांब काठ्या तेवढ्या. (आज बहुतेक गिर्यारोहक गूतेच्या धारेने जातात, तेथे दरडींचे भय आहेच.) खाली शामोनीत गेर्सडोर्फ हा जर्मन उमराव दुर्बिणीतून हे सारे पाहत, टिपत होता. त्या नोंदींतले डॉक्टर स्वतःच्या पायांनी शिखर गाठतात. अलंकार नाही, संवाद नाही. म्हणूनच बहुधा त्या इतका काळ कोणी वाचल्या नाहीत.

शामोनीत १८८७ मध्ये उभारलेल्या शिल्पात बाल्मा सोस्यूरला शिखर दाखवतो आहे. पाकारांचा पुतळा यायला १९८६ साल उजाडले. आमच्या टिपणवहीत तर ते परवापर्यंत गलितगात्रच होते.