आईचा दुसरा पाय

गेली तीस वर्षे मी तुमच्या बांधावर येऊन बीजप्रक्रिया करा, माती तपासून घ्या, फवारणी वाऱ्याच्या दिशेने करा, असे सांगत आलो. आज विषय निराळा आहे. आज मी एका चिमुकल्या संगणकाची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना म्हातारपणी हे काय सुचले? सुचले नाही, गळ्यात पडले. कसे ते ऐका.

२०२३ च्या आषाढात आमची आई अंगणात घसरली आणि तिचा खुबा मोडला. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया झाली, पण माजघरातली खाट काही सुटेना. जन्मभर पहाटे चारला उठून कामाला लागलेली बाई दिवसभर आढ्याकडे पाहत पडून राहू लागली. टीव्ही लावून दिला तर म्हणायची, "बंद कर. नुसत्या भांडतात बायका." एके दिवशी मी पाय चेपत बसलो असता ती म्हणाली, "तुझ्या आबांचा आवाज होता बघ कुठंतरी. तेवढा ऐकव."

आमचे आबा जाऊन वीस वर्षे होत आली. मात्र १९९८ च्या दिवाळीत मी त्यांना टेपरेकॉर्डरपुढे बसवून बहात्तरच्या दुष्काळाची हकीकत सांगायला लावली होती. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. नोकरीला लागून चारच वर्षे झाली होती. नव्या हौसेत आईच्या जात्यावरच्या ओव्याही दोन-तीन कॅसेटांवर घेतल्या होत्या. मग बदल्या झाल्या, आणि कॅसेटांचा डबा माळ्यावर गेला तो गेलाच.

डबा उतरवला तर निम्म्या कॅसेटांना पांढरी बुरशी. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे वितळून चिकट झालेले. तालुक्याच्या गावी एक जुना कारागीर अजून टेप दुरुस्त करतो, त्याने पट्टे बदलून दिले. आता कॅसेटमधला आवाज संगणकात घ्यायचा. याला दोनच वस्तू लागतात. टेपच्या इयरफोनच्या भोकातून निघणारी वायर, आणि ती संगणकाच्या यूएसबीला जोडणारे अंगठ्याएवढे साउंड कार्ड. ऑडासिटी नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो सुरू करून टेप वाजवायची. यात घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. टेपचा आवाज मात्र मध्यम ठेवावा, मोठा ठेवला तर बोलणे फाटते आणि मग ते नंतर सुधारत नाही. एमपीथ्री केल्यावर मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, म्हणजे अख्खी कॅसेट साठ एमबीत बसते. आबांची कॅसेट पहिल्यांदा नीट वाजली, मी ती उतरवून घेतली. आईला ऐकवावी म्हणून दुसऱ्यांदा लावली, तर फीत आत गुंडाळली आणि तुटली. कारागिरानेही हात टेकले. पण प्रत संगणकात होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

आता हे सगळे आईला ऐकवायचे कशावर? मोबाइलचा आवाज तिला पुरत नाही आणि काचेवर बोट फिरवणे तिला जमत नाही. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावून पाहिला. आवाज लागला, पण धाकट्या भावाच्या लग्नाच्या व्हीसीडीवरच्या फाइली टीव्हीने घेतल्या नाहीत. शिवाय दर वेळी यादीतून शोधून काढायचे म्हणजे घरात कोणीतरी हवे.

तेव्हा धाकट्या भावाची मुलगी सुटीला आली. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिने पिशवीतून एक हिरवी पट्टी काढली, एटीएम कार्डाएवढी, वर चार यूएसबीची भोके आणि एचडीएमआयचे एक. "काका, हा रास्पबेरी पाय. माझ्या प्रोजेक्टचा आहे, आता पडूनच असतो." नाव ऐकून आई खाटेवरूनच म्हणाली, "माझा पाय मोडला म्हणून पोरीनं दुसरा पाय आणला का गं?" महिन्याभरात आमच्या घरात हसू आले ते त्या दिवशी.

या पायाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींना दिसू लागले की संगणकशास्त्राला येणाऱ्या पोरांना संगणक वापरता येतो, पण त्याला कामाला लावता येत नाही. पोरांच्या खिशाला परवडेल असा, मोडला तरी हळहळ वाटणार नाही असा संगणक करावा म्हणून एबेन अप्टन आणि सोबत्यांनी संस्था काढली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड ३५ डॉलरला विक्रीस आणला. संगणकाच्या कंपन्यांना फळांची नावे देण्याची तिकडे जुनी चाल आहे, म्हणून रास्पबेरी. आणि पाय हे पायथन या संगणकाच्या भाषेवरून. आमच्या पुतणीचा बोर्ड २०१६ सालचा, तिसऱ्या पिढीचा. वायफाय त्यातच आहे. टीव्ही वगळला तर वीज लागते ती पाच वॅटांच्या आतबाहेर, म्हणजे रात्रीच्या लहान दिव्याइतकीच.

त्याला स्वतःची डिस्क नसते. मोबाइलमध्ये घालतो तसले बारके कार्ड, तेच त्याचे घर. दुसऱ्या संगणकावर लिब्रेएलेक नावाची प्रणाली इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायची आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या साधनाने कार्डावर लिहायची. कार्डावर आधीचे जे काही असेल ते या कामात पुसले जाते, तेव्हा फोटो असलेले कार्ड चुकूनही वापरू नका. कार्ड पट्टीत सरकवले, एचडीएमआयची वायर टीव्हीला लावली, चार्जर लावला की तो आपणहून जागा मांडून घेतो, एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मग कोडी नावाचा प्रोग्राम टीव्हीवर उभा राहतो. सिनेमे, गाणी, फोटो, सारे ओळीने. हे कोडी २००२ च्या सुमारास खेळाच्या एका यंत्रासाठी काही हौशी लोकांनी लिहायला घेतले, २०१४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ते जवळजवळ कसलीही फाइल वाजवते. लग्नाच्या व्हीसीडीसुद्धा सुरळीत लागल्या. एक लक्षात ठेवा, कोडीत सिनेमे भरलेले नसतात. आपण घालू तेच त्यात दिसते. "सगळे सिनेमे फुकट" म्हणून कोणी डबा विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. फुकटचे बियाणे कसे उगवते ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझी पहिली चूक चार्जरची. मोबाइलचा जुना चार्जर लावला. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकू लागली, आणि हार्ड डिस्क जोडली की यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. मी पुतणीला म्हटले, बोर्ड बिघडलाय. ती म्हणाली, "काका, साडेसात एचपीच्या मोटारीला घरगुती वायर लावली तर काय होईल?" त्या पिवळ्या विजेचा अर्थ दाब कमी पडतोय एवढाच. याला पाच व्होल्टचा अडीच ॲम्पियरचा चार्जर लागतो. तो आणला आणि खोड गेली. मराठीत नावे दिलेल्या फाइली आमच्या पडद्यावर नुसत्या चौकटी होऊन दिसत, म्हणून रोमन लिपीत नावे घातली.

सर्वांत मोठी सोय निघाली ती रिमोटची. टीव्हीचाच रिमोट या यंत्रालाही चालतो; हुकूम एचडीएमआयच्या वायरीतूनच जातात. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते. गंमत अशी की प्रत्येक कंपनीने तिला आपले वेगळे नाव दिले आहे. सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राविया सिंक. आमच्या सौभाग्यवतींनी रिमोटच्या मधल्या बटणावर नखाच्या रंगाचा लाल ठिपका दिला. पुतणीने आबांचे बोलणे आणि ओव्या आवडत्यांच्या यादीत वर आणून ठेवल्या. आईला अक्षर दिसत नाही, पण तिने पाठच केले: "एकदा खाली, मग लाल." आणि एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर माजघरातून आबा बोलत होते. उंबऱ्यात पाय अडला माझा. आत जायला थोडा वेळ लागला.

त्या हिवाळ्यात हा बोर्ड मी दोनदा शेतीशाळेलाही नेला. एका वाडीत मोबाइलला रेंज नाही. ग्रामपंचायतीच्या टीव्हीला जोडून २०१८ पासून मक्यावर आलेली लष्करी अळी मोठी करून दाखवली. डोक्यावरची उलटी इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण, शेपटीकडच्या चौकोनातले चार ठिपके. तळहातावर धरलेली अळी मागच्या माणसाला दिसत नाही. पडद्यावर हातभर लांब झाल्यावर पोरेसुद्धा ओळखू लागली. असो, तो विषय पुन्हा कधी.

आता माझी दुसरी चूक सांगतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये माझी बदली झाली, कार्यालयाचा लॅपटॉप परत करायचा होता. खासगी काही राहू नये म्हणून मी त्यातले सगळे पुसले. पुतणीने बजावले होते की हार्ड डिस्कवर दुसरी प्रत ठेवा. पण डिस्क भावाच्या घरी, आज आणू, उद्या आणू. तीस वर्षे लोकांना सांगतोय की सगळे बियाणे एका कणगीत ठेवू नका, आणि आबांचा आवाज तेवढा त्या नखाएवढ्या कार्डावर उरला होता.

मे महिन्यात वळिवाच्या वाऱ्याने एका संध्याकाळी पाच-सहा वेळा वीज गेली-आली. या बोर्डाला बंद करायचे बटण नसते. कोडीतून बंद करून, मग चार्जर काढायचा असतो. त्या संध्याकाळी कोण काढतो? सकाळी आईने लाल ठिपका दाबला, पडदा काळाच. कार्ड वाचताच येईना.

आईला मी खरे सांगितले नाही. म्हटले, वायर सैल झालीय. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गेले का रे आबा?" त्यावर काय बोलावे मला कळेना. मी बाहेर जाऊन गोठा झाडत बसलो.

कार्ड पुतणीकडे पाठवले. तिने चार दिवस खटपट करून जेवढे वाचता आले तेवढे काढले. ओव्या सगळ्या मिळाल्या. आबांची पहिली बाजू मिळाली. दुसरी बाजू सुरू होते, खडी फोडायच्या कामाचे, मिलोच्या लाल भाकरीचे, सुकडीचे येते, झोळीत टाकलेल्या माझे येते, मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मग बैल विकायची वेळ आली, असे आबा म्हणतात आणि आवाज तुटतो. शेवटची अकरा मिनिटे गेली.

आता आमच्याकडे आवाजाच्या तीन प्रती आहेत. एक यंत्रात, एक हार्ड डिस्कवर, एक पुतणीकडे, दुसऱ्या गावी. यंत्र इन्व्हर्टरच्या वायरीवर घेतले आहे. चांगले कार्ड आणि चार्जर धरून माझा खर्च दीड हजाराच्या आत गेला, बोर्ड पुतणीचा. तुमच्या घरी नवा टीव्ही असेल आणि फाइली तो वाजवत असेल तर हा खटाटोप करूच नका, पेनड्राइव्ह पुरे. पण माळ्यावर कॅसेटा असतील तर त्या मात्र या पावसाळ्याआधी उतरवा.

त्या अकरा मिनिटांबद्दल मी आईपाशी पुष्कळ हळहळलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं झालं तेवढं गेलं. खोटंच सांगितलेलं त्यांनी."

"म्हणजे?"

"म्हणे, मी बैल विकून आलो. दोनदा अर्ध्या वाटेतून परत आणले त्यांनी. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. कासरा मी दिला त्या माणसाच्या हातात. हे तिकडं तोंड करून उभे होते."

मी मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केले आणि तिच्या उशाशी ठेवला. तेवढ्यात वीज गेली. "असू दे," आई म्हणाली, "अंधारात मला काय दिसायचंय? घुंगरमाळ मात्र मी सोडून घेतली होती, ती गोठ्यातल्या खुंटीला आहे बघ अजून," आणि तिने सुरुवातीपासून सांगायला घेतले.