कंसातला आकडा

पानाच्या उजव्या कडेला, मजकुरापासून अंग चोरून, कंसात एक आकडा बसलेला असतो. वाचणाऱ्याची नजर समीकरणावर खिळते, आकड्याकडे कोण बघतो! चार पानांनंतर ‘समीकरण (१२) वरून’ असं वाक्य आलं की मात्र बोट पानात अडकवून मागे जावं लागतं, आणि तेव्हा तो आकडा जागेवर असावाच लागतो.

हातानं आकडे घालणाऱ्या विद्यार्थ्याचा घात मार्गदर्शकांची पेन्सिल करते. ‘इथे एक पायरी राहिली, घाला.’ तिसऱ्या समीकरणानंतर एक नवं आलं की पुढचे सगळे सरकतात. चाळीत मधेच एक खोली काढून पुढच्या दारांवरचे नंबर बदलावेत आणि टपाल जुन्याच पत्त्यावर येत राहावं, तसं होतं. सातव्या दारामागेही कुणीतरी राहतच असतं, म्हणून चूक कळत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही ‘(७)’ मध्ये काही वावगं दिसत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रूफं पाहिली, ती छपाई त्यांना बघवेना, आणि ते ‘टेक’ हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसले. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर ‘लाटेक’ उभारलं. त्यातली युक्ती मला फार आवडते. लेखकानं आकडा घालायचाच नाही. समीकरणाला एक नाव द्यायचं आणि मजकुरात त्या नावानंच हाक मारायची. पहिल्या फेरीत यंत्र कुणाचा क्रमांक कितवा ते शेजारच्या एका फाईलीत टिपून ठेवतं. तोवर प्रत्येक उल्लेखाच्या जागी दोन ठळक प्रश्नचिन्हं उभी. दुसऱ्या फेरीत ती टिपणं वाचून आकडे बसतात. एवढा प्रामाणिकपणा माणसांतही विरळाच.

वर्डमध्ये आकड्यामागे ‘फील्ड’ दडलेलं असतं. सगळं निवडून एफ-नाइन दाबायचं विसरलात, तर जुनेच आकडे छापले जाण्याची भीती. कडेला आकडा नेण्यासाठी नव्या आवृत्तीत समीकरणापुढे हॅश, मग कंसात क्रमांक आणि एंटर एवढं पुरतं. जुनी मंडळी अजून तीन रकान्यांचा बिनरेघांचा तक्ता घालतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘एफएन’ टाईप करून एफ-थ्री दाबलं की क्रमांकासकट समीकरण हजर होतं, तेही आईन्स्टाईनचं! ते पुसून आपलं लिहायचं, हा थोडा उद्धटपणाच वाटतो.

पण आकडा द्यायचा कुणाकुणाला? भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी १९८९ साली ‘फिजिक्स टुडे’त यावर एक खुसखुशीत लेख लिहिला. स्वतंत्र ओळीतल्या प्रत्येक समीकरणाला क्रमांक द्या, या नियमाला त्यांनी मायकेल फिशर यांचं नाव दिलं. पुढे उल्लेख येणार असेल तरच क्रमांक, या पंथाला त्यांनी पाखंड ठरवलं. आज लाटेकच्या एका पॅकेजमध्ये हे पाखंड एका ओळीच्या आज्ञेत मिळतं: उल्लेख नसलेल्यांचे आकडे आपोआप गायब. पान नीटस दिसतं खरं. पण फोनवर चर्चा करणाऱ्या दोघांना मग ‘खालून तिसरं, ते लांबलचक’ असं म्हणत बसावं लागतं. मी फिशरच्या बाजूचा.

मर्मिन यांचा दुसरा नियम परोपकाराचा: नुसता आकडा फेकू नका, समीकरण कशाचं तेही दोन शब्दांत सांगा. लाटेकमुळे इथेच गंमत झाली आहे. लेखक आपल्या फाईलीत ‘ऊर्जा-अक्षय्यता’ असं नाव लिहितो आणि छापताना यंत्र ते गिळून टाकतं. वाचकाच्या हाती उरतं (३.१७). आकडा बिनचूक असतो, तरी पानं उलटावी लागतातच. ‘ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून (३.१७)’ एवढं लिहायला काय जातं? नाव तर आधीच सुचलेलं असतं.

अर्थात काहींच्या फाईलींत लेबलं ‘नवं’, ‘नवं२’, ‘खरंच शेवटचं’ अशीच असतात. त्यांनी वाचकाला द्यायचं तरी काय!