मावशीच्या गावाजवळून

न्यू जर्सी,
नोव्हेंबरअखेर

प्रिय मंदे,

मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट ऐवज, हे तुला ठाऊक होतं का गं? इथे थँक्सगिव्हिंगला रताळी उकडून कुस्करतात, त्यावर मार्शमॅलोचा थर देतात आणि ओव्हनमध्ये वरून लालसर होऊ देतात. दिसायला इतकं देखणं की मी डाव घालणारच होते, तेवढ्यात आमच्या मास्तरीणबाई ओरडल्या, ‘‘ते नाही, तुझं पलीकडचं!’’ बघते तर त्याच भांड्यात एका कोपऱ्याला फॉइलची भिंत घातलेली, आणि भिंतीपलीकडे नुसती रताळी, वर ब्राऊन शुगर आणि अक्रोड. ऐंशी ओलांडलेली बाई पहाटेपासून टर्कीच्या मागे लागलेली, पाहुणे पंधराएक, आणि तेवढ्या धांदलीत हे कुंपण घालायचं तिच्या लक्षात राहिलं.

या मास्तरीणबाई म्हणजे आमच्या गावातल्या मेथडिस्ट चर्चच्या. तळघरात दर मंगळवारी फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो, तो त्या चालवतात. मी इथे आले तेव्हा एच-फोर व्हिसावर होते. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. इंग्रजी येत होतं, पण बोलायला माणूस हवं होतं. वर्गात एक कोरियन आजी, दोघी-तिघी इक्वादोरच्या, आणि मी. मोठ्या बंबातली पांचट कॉफी, घडीच्या खुर्च्या, भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या मुलांनी काढलेली नोहाची नौका. वर्ग सुटला की बाई ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना स्वतःच्या गाडीतून घरोघर सोडायच्या. थंडीत मी आपली स्वेटरावर स्वेटर चढवून जात होते. एकदा त्यांनी काही न बोलता मागच्या सीटवरचा जाड कोट माझ्या मांडीवर टाकला आणि बर्फात गाडी कशी चालवावी यावर व्याख्यान सुरू केलं.

तू विचारशील, आणि विचारायलाच हवंस, की पुढे पत्रकं आली का हातात? आली. यांच्याकडून नाही. दुसऱ्या एका मंडळींनी आम्हाला जेवायला बोलावलं, पोटभर वाढलं, आणि गोडाआधी पुस्तिका पुढे केली. पास्ता उत्तम होता. परत गेलो नाही.

या दोन तऱ्हा काही नव्या नाहीत, आणि गंमत म्हणजे आनंदीबाई जोशींच्या वाट्याला आलेली दोन्ही दारं याच न्यू जर्सीतली. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र पाठवलं ते रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे. वाइल्डर कोल्हापुरात वर्षानुवर्षं राहून आलेले, तिथल्या मिशनचे संस्थापक. म्हणजे अगदीच परका माणूस नव्हे. ते तेव्हा प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं नियतकालिक काढत. उत्तर असं आलं की आधी ख्रिस्ती व्हा. वर हा पत्रव्यवहार त्यांनी त्यात छापूनही टाकला. तो अंक १८८० साली दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हातात पडला. त्या रोझेलच्या, प्रिन्स्टनपासून गाडीने तासाभराच्या गावातल्या. त्याही ख्रिस्तीच, पण त्यांनी अट न घालता पत्र लिहिलं: माझं घर तुझंच समज. त्यावर तीन वर्षं दोघींची पत्रं चालली. आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली ती चेहराही न पाहता.

आता आनंदीबाईंचा बाणा बघ. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे आपलं नगरजवळचं नव्हे, बंगालमधलं, केरीसाहेबांच्या बाप्टिस्ट मंडळींनी काढलेलं कॉलेज, तिथे भर सभेत तिने सांगितलं की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. मिशनऱ्यांच्या सभागृहात उभं राहून! एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट सुटली, जूनमध्ये न्यूयॉर्कला लागली आणि धक्क्यावर मावशी उभी. तो उन्हाळा आनंदी रोझेलला राहिली. त्याच जानेवारीत एडिसनने या गावात खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. अठरा वर्षांची कल्याणची मुलगी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसून, विजेच्या उजेडातल्या गावात, मांसाहारी कुटुंबात आपला शाकाहार सांभाळत राहिली, स्वतः रांधून यजमानांना आपलं जेवण वाढू लागली. मला तर वाटतं, ती तिथली झाली ती पहिल्यांदा रांधून वाढलं त्या दिवशी. पाहुणा म्हणून कितीही लाड झाले तरी परकेपणा जात नाही. यजमानाच्या स्वयंपाकघरात आपल्या हातात कढई आली की मग जातो.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींकडे होत्या. त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला, तरी कटकट सुटली नाही. तिथल्या जेराल्डिन सिस्टर त्यांच्या धर्ममतांवरून तर नाराज होत्याच, पण अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत यातही त्यांना जुन्या जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी पत्रातून असं सडेतोड उत्तर दिलं आहे की वाचताना मजा येते. आश्रय मनापासून दिला होता, यात शंका नाही. पण ताटात काय असावं हेही ठरवू बघणारा आश्रय कधी ना कधी काचतोच, मग पाहुणी त्याच धर्मात आलेली का असेना.

आनंदीबाईंचं पुढचं तुला माहीत आहे. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकीची पदवी मिळाली, समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात सगळं संपलं, वय बावीसही पुरं नाही. गोपाळरावांनी रक्षा मावशीकडे पाठवली आणि मावशीने ती आपल्या घराण्याच्या जागेत, पकिप्सीच्या दफनभूमीत ठेवली. न्यूयॉर्कहून हडसनच्या काठाकाठाने जाणारी गाडी दोनेक तासांत पकिप्सीला पोचवते. मी गेले होते. कार्पेंटर, कार्पेंटर, आणि मधेच आनंदीबाई जोशी, एम. डी. आपल्याकडे माहेरची माणसंसुद्धा लेकीचं नाव घराण्यात ठेवत नाहीत.

मला काकू, तुझी आई, आठवल्या. नगरला ह्यूम चर्चजवळच्या तुमच्या घरून नाताळात आमच्याकडे फराळाचं ताट यायचं आणि त्यासोबत कागदात गुंडाळलेली केळी नि संत्री, फक्त माझ्या आजीसाठी. तुमच्या घरची करंजी आजी खाणार नाही हे कुणी बोललं नव्हतं, पण काकूंना ते कळत होतं. म्हणून सालीतली फळं. रताळ्यांतली फॉइलची भिंत बघून तेच आठवलं, पण ही तुलना लगेच पटलीही नाही. इथे माझ्या खाण्याच्या सवयीसाठी एका बाईने थोडा त्रास घेतला. तिथे काकू दरवर्षी अपमान गिळून माणुसकी दाखवत होत्या. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली परक्याला घरात घेण्याची गोष्ट तुला पाठ असेल. काकू तर शेजारणीच होत्या, परकं आम्हीच त्यांना केलं होतं.

असो. कामाचं लिहिते. डिसेंबरात इथल्या चर्चमध्ये कुकी एक्स्चेंज असतं: प्रत्येकीने डझनावारी काहीतरी करून आणायचं आणि दुसऱ्यांचं घेऊन जायचं. मी बेधडक सांगून बसले आहे की नगरच्या नाताळातल्या करंज्या आणीन. मास्तरीणबाईंनी त्यांचं बिडाचं जाड भांडं तळणीसाठी काढून ठेवलं आहे आणि लाटायला त्या स्वतः येणार आहेत. तेव्हा काकूंना विचार: मोहन किती, रवा दुधात भिजवायचा की पाण्यात, आणि सारणात खसखस भाजून की कच्ची? ओलं खोबरं टिकायचं नाही, सुकंच घेईन. तळायला बाई लार्ड सुचवत होत्या, ती डुकराची चरबी. मी तेलाचा डबा घेऊन आले आहे. प्रमाण वाटीनेच सांग, कप मी बघून घेईन. शनिवारच्या आत कळव, नाहीतर मला दुकानातून बिस्किटं न्यावी लागतील आणि नगरची लाज जाईल.

तुझीच,
सुधा