मांजरपावलांनी आयर्नफोर्जला

मुलांनो, या मे महिन्याच्या सुट्टीत मी असा एक प्रवास केला, की ना तिकीट काढावं लागलं, ना दशम्या बांधून घ्याव्या लागल्या! माझा भाचा सातवीत आहे. गेल्या जूनमध्ये त्याचं गाव बदललं, शाळा बदलली, आणि तेव्हापासून स्वारी एकदम गप्प. "हो", "नाही", "माहीत नाही", बस्स. "मावशी, तुला वॉरक्राफ्टमध्ये फिरवून आणू?" हे त्याचं सुट्टीतलं पहिलं लांब वाक्य. मी कशाला नाही म्हणतेय!

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली निघाला. इंटरनेटवरून देशोदेशीचे खेळाडू एकाच वेळी त्यातल्या जगात हिंडतात. आम्ही खेळलो ते त्याचं 'क्लासिक' रूप. जुनं जग पुन्हा उभं करणारं हे रूप २०१९ साली आलं.

आम्ही निघालो टेल्ड्रासिलहून. हे गाव नव्हे, झाड आहे! एवढं अवाढव्य, की त्याच्या माथ्यावर जंगल, तळी आणि डार्नासस नावाचं अख्खं शहर. इथे लांब कानांचे 'नाइट एल्फ' राहतात. (खेळाच्या पुढच्या कथेत, २०१८ साली, हे झाड जाळलं गेलं. क्लासिकमध्ये मात्र ते अजून उभं आहे, हे भाच्याने मला दोनदा सांगितलं.)

आम्ही दोघंही नाइट एल्फ, आणि दोघंही लपणारे. मी 'रोग'. आजार नव्हे हं! इंग्रजीत रोग म्हणजे लबाड, चोरपावलांचा माणूस. तो अगदी पहिल्या पातळीपासून लपू शकतो. भाचा 'ड्रूइड'. त्याला विसाव्या पातळीला मांजराचं रूप मिळतं, आणि त्या रूपातच दबा धरून चालता येतं. लपल्यावर वेग मात्र दोघांचाही कमी होतो. लपाछपीत दबकत जाणारा कधी धावतो का?

नाइट एल्फांना जन्मजात एक देणगी असते, 'शॅडोमेल्ड', म्हणजे सावलीत विरून जाणं. पण जागचं हलायचं नाही. हललात की दिसलात. रोग आणि ड्रूइड यांना मात्र या देणगीमुळे चालतानाही थोडं जास्त लपता येतं. उलट माणसांकडे आहे 'पर्सेप्शन': वीस सेकंद नजर अशी तीक्ष्ण होते, की लपलेला चटकन सापडतो! थोडक्यात, राज्य घ्यायला माणूस बरा, लपायला एल्फ. बुटके नोमही रोग होतात. बैलासारखे धिप्पाड टॉरेन रोग होऊ शकत नाहीत, ड्रूइड मात्र होतात.

झाडाच्या पायथ्यापासून जहाजाने ऑबरडाइन, तिथून दुसऱ्या जहाजाने मेनेथिल बंदर. खरी गंमत पुढे! आयर्नफोर्ज हे डोंगराच्या पोटातलं बुटक्यांचं शहर गाठायचं, तर आधी पाणथळ ओलांडायची. रस्त्याच्या कडेला सहा पायांच्या मगरी. माझी पातळी बारावी, त्यांची माझ्या दुप्पट. पातळीत असा फरक असला की लपलेलंही लांबून दिसतं. "समोरून जाऊ नकोस मावशी, पाठीमागून जा," भाचा सांगत होता. मी कसली ऐकतेय! मगरीने मला गाठलंच.

भाचा पुढे झुडपांत सुरक्षित होता. तसाच निघून गेला असता. पण तो बाहेर आला, अस्वल झाला आणि मगर अंगावर घेतली. तरी मी मेलेच. मेल्यावर नाइट एल्फाचा प्रकाशाचा गोळा होतो आणि स्मशानातून आपल्या देहापर्यंत पळत यावं लागतं. मी परत आले तेव्हा तो तिथेच बसला होता.

पुढे डन अल्गाझची खिंड. तिथे ड्रॅगनमॉ टोळीचे ऑर्क पहारा देतात. एका कडेला अंग चोरून आम्ही पहारेकऱ्याची पाठ वळायची वाट बघत होतो.

"मावशी, मी मधल्या सुट्टीत लायब्ररीत जाऊन बसतो."

"वाचायला?"

"नाही. तिथे कुणी बघत नाही."

काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "शॅडोमेल्ड?"

तो खुदकन हसला. "हो. पण मग हलता येत नाही ना."

ऑर्क वळला. आम्ही निघालो. बोगद्यापलीकडे लॉक मोदानचं निळं तळं दिसलं, आणि मी खुर्चीतच टाळ्या पिटल्या. आयर्नफोर्जला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. नऊला संगणक बंद, हा ताईचा नियम. धगधगत्या लोखंडाच्या रसाने उजळलेली ती भलीमोठी भट्टी कशीबशी पाहून घेतली.

संगणक बंद करता करता तो म्हणाला, "आमच्या वर्गात एक जण नोम घेऊन खेळतो. रोगच आहे."

"मग, कसा लपतो तो?"

"अजून विचारलं नाही मी."