सुनेचा देश

माझ्या नवऱ्याच्या पासपोर्टवर त्याच्या जन्मगावाचे नाव नाही. स्विस पासपोर्टवर ते कुणाच्याच नसते. तिथे मूळ गाव लिहितात, म्हणजे ज्या गावाच्या वहीत घराण्याची नोंद आहे ते. आमचे मूळ गाव सांक्ट गालन कॅन्टनमध्ये, टोगेनबुर्गच्या खोऱ्यात आहे. नवरा तिथे कधी राहिलेला नाही, त्याचे वडीलही नाहीत. पणजोबा कारखान्यात काम शोधत बोडेन सरोवराच्या काठी उतरले, ते परत गेलेच नाहीत. तरीही जुन्या काळी त्यांच्यातला कुणी निराधार झाला असता, तर त्याला पोसण्याची जबाबदारी त्या गावावर पडली असती. मला स्विस नागरिकत्व मिळाले, तर मीही त्याच गावची होईन. तिथे माणूस एकाच वेळी गावाचा, कॅन्टनचा आणि देशाचा नागरिक असतो, आणि लग्नाच्या नात्याने अर्ज करणाऱ्याला जोडीदाराचेच गाव मिळते. वाई तालुक्यात वाढलेल्या मला यात परके असे काही वाटले नाही. आमच्याकडेही तीन पिढ्या पुण्यात काढलेला माणूस ‘मूळचे कुठले?’ असे विचारले की गावाचेच नाव सांगतो.

आम्ही राहतो मात्र जर्मनीत, कोन्स्टान्सला. हे शहर नकाशावर पाहिल्याशिवाय पटत नाही. जर्मनी ऱ्हाईनच्या पलीकडे संपायला हवी, पण कोन्स्टान्सचे जुने गाव नदीच्या अलीकडे, स्वित्झर्लंडच्या बाजूला आहे आणि स्विस क्रॉइत्सलिंगेनला इतके खेटून आहे की एकाच रस्त्यावर चालताना देश बदलतो. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूच्या जर्मन गावांत काळोख असायचा, तेव्हा इथले दिवे चालू ठेवले होते, म्हणून वरून जाणाऱ्या विमानांना हे स्वित्झर्लंडच वाटले आणि शहर वाचले, असे इथले लोक सांगतात. शहराच्या पश्चिमेला टेगरमोस नावाचा सपाट शेतीचा पट्टा आहे. जमीन स्विस, पण तिथे भाजीपाला पिकवत आले ते कोन्स्टान्सचे शेतकरी, आणि कोन्स्टान्सला तिथे काही हक्क आहेत ते १८३१ च्या करारापासून. शनिवारी उलटा ओघ असतो. स्विस कुटुंबे स्वस्त सामान घ्यायला इकडे येतात आणि जाताना कर परत मिळावा म्हणून हिरव्या कागदावर शिक्का मारून घेतात. नवरा रोज सकाळी पलीकडे कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. मी इथल्या विद्यापीठात नोकरी करते. सासूबाई पलीकडे राहतात, आमच्या घरापासून सायकलने गेले तर चहा गार व्हायच्या आत पोचावे इतक्या अंतरावर.

परदेशात राहणाऱ्या जोडीदारासाठी स्विस कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. लग्नाला किमान सहा वर्षे झालेली हवीत आणि देशाशी घट्ट संबंध हवा. हा घट्टपणा कशाने मोजायचा तेही नियमात आहे. अर्जाआधीच्या सहा वर्षांत निदान तीन वेळा, प्रत्येक वेळी निदान पाच दिवस स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम. रोजच्या व्यवहारापुरती एक राष्ट्रभाषा बोलता येणे. देशाचा भूगोल, इतिहास, राजकारण आणि समाज यांची जुजबी माहिती. स्विस लोकांशी संबंध, आणि त्याची साक्ष देणारी, तिथेच राहणारी माणसे. रोज दाराबाहेर पडले की दिसणारा देश, पण त्याच्याशी आपली जवळीक रात्रीच्या मुक्कामांनी सिद्ध करायची! रोजची ये-जा कुठल्या रकान्यात बसते हा वादच नको, म्हणून आम्ही बॅग भरून सासूबाईंकडे राहायला गेलो. त्यांना हे फार आवडले. नाहीतर आम्ही जेवून हात पुसले की निघतो, ही त्यांची कायमची तक्रार होती.

अर्ज करावा हे मनात आले ते २०२० च्या वसंतात. मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे सीमा बंद झाली आणि सरोवराकाठच्या क्लाइन व्हेनेडिग या मोकळ्या जागेत कुंपण उभे राहिले. ही जागा मुद्दाम कुंपणाविना ठेवलेली होती. महायुद्धाच्या काळात आलेले तारेचे कुंपण २००६ मध्ये काढून टाकले होते आणि त्याच रेषेवर योहानेस ड्योर्फ्लिंगर या कलावंताची उंच पोलादी शिल्पे उभी केली होती, कुणीही त्यांच्यामधून इकडून तिकडे जावे म्हणून. आता त्या शिल्पांच्या ओळीत जाळी आली. प्रेमिक, भावंडे, आजी-नातवंडे जाळीतून हात धरू लागली, तेव्हा काही दिवसांनी दुसरी जाळी आली आणि हातही पोचेनासे झाले.

सासूबाई तेव्हा एकट्या होत्या. नवरा त्यांच्याकडे जाऊ शकत होता, कारण स्वतःच्या नागरिकाला देश दारात अडवत नाही. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मन वास्तव्य परवाना. मला जाता येत नव्हते. मी डब्यात थालीपीठ आणि लोणी भरून नवऱ्याकडे द्यायची आणि मग जाळीपाशी जाऊन उभी राहायची. पलीकडे त्या खुर्ची घेऊन यायच्या. आम्ही मोठ्याने बोलायचो, कारण दोन जाळ्यांमधून हळू बोललेले ऐकू येत नाही. सासूबाईंशी माझे नाते कधी गोडगोड नव्हते. त्या कमी बोलतात, मलाही जर्मनमध्ये जीव ओतून बोलता येत नाही. पण त्या काही आठवड्यांत त्यांनी मला जे सांगितले, ते आधीच्या सगळ्या रविवारच्या जेवणांत सांगितले नव्हते.

त्यांनी आत्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांची थोरली बहीण, क्रॉइत्सलिंगेनची मुलगी. तिने युद्धाच्या आधी कोन्स्टान्सच्या एका सुताराशी लग्न केले. लग्न लागले त्या दिवशी ती स्विस उरली नाही. तिने कुठे सही केली नव्हती, काही मागितले नव्हते, काही सोडले नव्हते. स्विस मुलीने परदेशी माणसाशी लग्न केले की ती त्याच्या देशाची होते, असे तेव्हा धरले जाई. पुढे कुंपण आले आणि आत्या भावाच्या घराच्या उलट बाजूला अडकली. परदेशी ज्यू माणसांशी लग्न केलेल्या स्विस मुलींच्या बाबतीत हाच नियम जिवावर बेतला. त्यांनी मदत मागितली तेव्हा त्यांच्या जन्माच्या देशाने त्या आता आमच्या नाहीत असे सांगितले. हा नियम सैल झाला तो १९५३ पासून, तोही इतकाच की लग्नाच्या वेळी ‘मला माझे नागरिकत्व ठेवायचे आहे’ असे मुलीने लिहून द्यायचे. ‘आत्याने नंतर कधी अर्ज केला नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ती म्हणायची, ज्यांनी मला न विचारता काढले त्यांना मी काय म्हणून विचारू?’

मी घरी येऊन वाचायला लागले तेव्हा लक्षात आले की या नियमाची दुसरी बाजू सगळ्यांना औदार्याची वाटत असे. स्विस पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाई १९९१ च्या अखेरपर्यंत आपोआप स्विस होत असे. भाषा येते का, देशात कधी राहिली आहे का, काही नाही. स्विस बाईच्या परदेशी नवऱ्याला मात्र ही सोय नव्हती. मी तीस वर्षे आधी जन्मले असते, तर माझे काम बोहल्यावरच झाले असते, आणि नवऱ्याच्या मित्रमंडळींत हे ‘किती सोपे होते’ म्हणून अजून सांगतात. मला तसे वाटत नाही. आत्याचे नागरिकत्व काढून घेणारा विचार आणि परदेशी सुनेला ते बहाल करणारा विचार एकच आहे. बायकोला स्वतःचा देश नसतो, नवऱ्याचा असतो, असे मानले की दोन्ही नियम आपोआप निघतात. सासूबाई चोवीस वर्षांच्या होत्या, शाळेत शिकवत होत्या, तेव्हा ७ फेब्रुवारी १९७१ ला त्यांच्या देशातल्या पुरुषांनी स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार द्यायचा ठराव मंजूर केला. आमच्या आज्यांनी तर १९५२ च्या निवडणुकीतच मत दिले होते. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

म्हणून मला आजची ही दमवणारी पद्धत बरी वाटते. संघराज्याच्या मंत्रिमंडळात सात जण असतात, संविधान बदलण्याचा प्रस्ताव मांडायला एक लाख सह्या लागतात, कॅन्टन सव्वीस आहेत, हे मी पाठ केले. आम्ही दोघांनी मिळून आमचे लग्न खरे आणि टिकाऊ आहे असे लेखी दिले. ते खोटे निघाले तर मिळालेले नागरिकत्व आठ वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते. लग्न खरे आहे का हे विचारण्याचा सरकारला काय अधिकार, असे माझ्या मैत्रिणींना वाटते. खोट्या लग्नांचा बंदोबस्त करायला सरकारने विचारावे, मला त्यात गैर दिसत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की अर्जावर सही माझी आहे. तुला हे हवे आहे का, असे मला कुणीतरी विचारले आहे, आणि ‘नको’ म्हणायची जागा त्या कागदावर होती.

उलट दिशेने आलेल्या एका बाईचा मला या काळात फार आधार वाटला. सावित्रीबाई खानोलकर १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला जन्मल्या. वडील हंगेरियन, आई रशियन, मुलीचे नाव ईव्ह. भारतीय सैन्यातल्या विक्रम खानोलकरांशी १९३२ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्या सावित्री झाल्या. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, आणि स्वतंत्र भारताने परमवीर चक्र द्यायचे ठरवले तेव्हा त्याची आकृती त्यांनी केली. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. शाळेच्या सहलीत ते पदक चित्रात पाहिले तेव्हा हे कुणी सांगितले नव्हते. एखाद्या देशाने आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाचे काम परक्या मुलखात जन्मलेल्या सुनेवर सोपवावे, याहून मोठे स्वीकारणे मला माहीत नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, मी अर्जाचे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग इकडचे मत?’ शेतीचे नंतर विचारले. आमच्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात स्पष्ट आहे की भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. पासपोर्ट जमा करायचा, तो रद्द होऊन परत येतो. मग ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड मिळते. त्याच्या नावात ‘सिटिझन’ आहे, पण ते धारण करणारा परदेशीच असतो. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येईल तेवढी राहील, म्हणजे सातबाऱ्यावर भावांच्या खाली माझे नाव लागू शकेल. अण्णांनी ते वकिलाकडून दोनदा विचारून घेतले. मताचे मात्र काही करता येत नाही. गावच्या शाळेत मतदान असले की ते सकाळी पहिल्या रांगेत असतात, आणि मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्यांनीच मला नवी साडी नेसवून नेले होते.

भारतीय कायद्याचे एक मोठेपण इथे सांगायला हवे. परदेशी माणसाशी लग्न केल्याने भारतीय मुलीचे नागरिकत्व जात नाही, आणि भारतीयाशी लग्न केले म्हणून परदेशी माणूस आपोआप भारतीय होत नाही. त्याने किंवा तिने भारतात सात वर्षे राहून अर्ज करायचा. लग्नाने बायकोचे नागरिकत्व आपोआप बदलू नये असा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९५७ मध्ये केला. आपला कायदा त्याच्या दोन वर्षे आधीचा आहे. पण ज्या कायद्याने माझ्या लग्नाला माझ्या नागरिकत्वापासून इतके स्वच्छ वेगळे ठेवले, त्यानेच मी दुसरीकडे सही करताच मला काही न विचारता बाहेर काढावे, हे मला पटत नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुने नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची मुभा दिली. स्वित्झर्लंडमध्ये ती १९९२ पासून आहे. मी जर्मनीत कर भरते, तिथेही अर्ज करू शकले असते. तरी स्विसच निवडले, कारण म्हाताऱ्या सासूबाई पलीकडे आहेत आणि पुन्हा कधी जाळी आली तर मला त्यांच्या बाजूला जाता यायला हवे. एवढ्यासाठी मला अण्णांच्या गावचे मत सोडावे लागणार आहे. भारताने दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न पुन्हा उघडावा असे मला मनापासून वाटते, निदान लग्नामुळे दोन घरांत वाटल्या गेलेल्या माणसांसाठी तरी.

अर्ज आता दिला आहे. निकालाला वेळ लागेल. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात परदेशातून आलेली सून असेल, सात वर्षांची अट पुरी करून ती भारतीय होण्याचा अर्ज भरत असेल. तिच्या हातात फॉर्म देऊन ‘इथे सही कर’ म्हणू नका. त्यात काय लिहिले आहे ते तिच्या भाषेत वाचून दाखवा, तिचा जुना पासपोर्ट जाईल हे स्पष्ट सांगा, आणि तिला हे खरेच हवे आहे का, ते तिलाच विचारा.