एका हंड्याची बाग



चैत्री एकादशीची गोष्ट आहे. विहीर तळाला गेली होती आणि आळीत टँकर येऊन गेला होता. घरटी मोजकेच हंडे मिळाले. त्यातला एक तांब्या मी स्नानानंतर तुळशीला घातला आणि उरलेलं पाणी मोगऱ्याला. शेजारच्या आजी रिकामी कळशी घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "घाला बुवा. आमचं काय, भागंल कसं तरी." टोमणा नव्हता तो. म्हणूनच त्या दिवशी हरिपाठात माझं लक्ष लागलं नाही.

आपण आसनगावचे नसाल, तर आमच्याकडे पाणीच पडत नसेल असं वाटेल. स्टेशनात उतरलात की माहुलीचा डोंगर दिसतो. आषाढात मात्र तो आठ-आठ दिवस ढगात असतो. शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत, त्यातलं तानसा तर १८९२ सालचं. पण खाली काळा कातळ आणि जमिनीला उतार. पाणी ओढ्यात जातं, तिथून नदीला, नदीवाटे खाडीला. माघ-फाल्गुनात विहिरी खाली बसू लागतात.

आजींच्या बोलण्यानंतर मी कौलांकडे पाहायला शिकलो. आमचं छप्पर चारशे चौरस फूट, म्हणजे सुमारे सदतीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हा हिशोब मुलाने वहीत मांडून दाखवला तेव्हा मी दोनदा तपासला. पावसाळ्यात सत्तर हजार लिटरहून जास्त पाणी आमच्या पागोळ्यांवाटे अंगणात पडून वाहून जात होतं!

हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या घेतल्या. पाइप मधोमध चिरून पावळीला पन्हळ बांधली. आणि मी वारीला निघालो.

त्या वारीबद्दल मोकळेपणाने सांगतो. तोंडाने ज्ञानोबा-तुकाराम आणि चित्त टाकीत. मुक्काम पडला की घरी फोन, भरली का, गळत नाही ना. सूनबाई कंटाळली असेल, पण बोलली नाही. परतलो तेव्हा टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. वर कौलांवरचा वर्षभराचा पाला आणि पक्ष्यांची घाण, आत वळवळणाऱ्या अळ्या. झाकण मी घाईत अर्धवट लावलं होतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात त्यांचे डास होतात. ते सगळं पाणी ओतून द्यावं लागलं.

माउली, तेव्हा वही पुन्हा उघडली. चोपन्न-पंचावन्न मिलिमीटर पावसात दोन्ही टाक्या भरतात, आणि तेवढा पाऊस आमच्याकडे आषाढात एका दिवसातही पडतो. मग मृगाच्या सरीपासून जपून ठेवायची गरजच काय? आता पावसाळाभर पन्हळीचं तोंड बाहेर वळवलेलं असतं. कौलं धुऊन निघतात. भाद्रपद सरता सरता टाक्या घासायच्या, तोंडावर जुन्या धोतराचं दुपदरी फडकं बांधायचं आणि उशिराच्या सरी आत घ्यायच्या. एखादं वर्ष हस्त कोरडा जाईल ही धास्ती असते, म्हणून एक टाकी आता श्रावणातच भरून, झाकण घट्ट लावून ठेवतो. वारीत फोन बंद असतो.

हे पाणी पिण्याचं नाही, झाडांचंच. आणि तेही फार नाही. संक्रांतीपर्यंत विहीर साथ देते. तिथून मे अखेरपर्यंत धरा एकशे अडतीस दिवस. दोन हजार लिटरला तेवढ्यांनी भागलं की रोज साडेचौदा लिटर येतात. एक मोठा हंडा.

मग त्या हंड्यात कोण बसतं ते ठरवावं लागलं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. केळ काढली. गुलाब, जो मी कौतुकाने आणला होता, एका नातेवाइकांना दिला. अळू आंघोळीच्या पाण्यावर राहिलं. उरली तुळस, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा आणि एक लिंबू. लिंबाच्या आळ्यात न भाजवलेला नव्हे, साधा भाजका माठ गळ्यापर्यंत पुरला आहे. तो दोन-तीन दिवसांनी भरायचा, पाणी आपसूक मुळाशी झिरपतं. वर पालापाचोळ्याचा थर. अरणला गेलो की सावतोबांच्या मळ्याचा विचार मनात येतो. त्या मुलखात आमच्या चौथाईइतका पाऊस, आणि तिथे महाराजांनी भाजी पिकवली. पांडुरंगाची पालखी आजही त्यांच्या भेटीला जाते.

गेल्या वैशाखात टँकर आला, तेव्हा आमच्या वाट्यातला एक हंडा आजींच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी तो ठेवून घेतला. मग माझ्यामागून अंगणात आल्या, फडकं वर करून टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पत्र्याखाली पिंप बसंल का, बुवा?"

पन्हळीचं माप घेऊन आलो. हस्ताच्या आधी बांधायची आहे.